वैमानिक नसलेली विमाने आणि उत्तर टाळणारी सरकारे

रात्रीच्या आकाशात न ओळखता येणारा एखादा दिवा दिसतो, कोणीतरी त्याचे थरथरते चित्रीकरण करून सगळीकडे पाठवते आणि काही तासांत लोकांचे दोन तट पडतात. एका तटाला ते परग्रहावरून आलेले यान वाटते किंवा कुठल्यातरी महासत्तेने जगापासून दडवलेले अस्त्र वाटते. दुसरा तट पहिल्याला वेड्यात काढून मोकळा होतो. लष्करी टेहळणीच्या मानवरहित विमानांचा इतिहास मी अनेक वर्षे आस्थेने वाचत आलो आहे आणि या वादात माझे मत स्पष्ट आहे. संशय घेणाऱ्यांना वेड्यात काढण्याचा अधिकार सरकारांनी आपल्या हातानेच गमावला आहे. परंतु सरकार खोटे बोलले एवढ्यावरून आपल्या मनात आलेली गोष्ट खरी ठरत नाही. या दोन वाक्यांमधले अंतर फार महत्त्वाचे आहे, आणि ते बहुतेक चर्चांमध्ये कोणी ओलांडून पाहत नाही.

सुरुवात करावी लागते ती १ मे १९६० पासून. त्या दिवशी अमेरिकेचे यू-२ हे हेरगिरीचे विमान सोव्हिएत संघाच्या हद्दीत, स्वेर्दलोव्स्क शहराजवळ पाडले गेले. वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स वाचला नसणार, असे वॉशिंग्टनने गृहीत धरले आणि हे हवामानाचा अभ्यास करणारे नासाचे विमान होते, वैमानिकाला प्राणवायूचा त्रास झाल्याने ते भरकटले, अशी कथा जाहीर केली. कथा खरी वाटावी म्हणून ६ मे रोजी दुसऱ्या एका यू-२ विमानावर नासाची चिन्हे आणि बनावट क्रमांक रंगवून ते पत्रकारांना दाखवण्यात आले. दुसऱ्याच दिवशी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी वैमानिक जिवंत असून आपल्या ताब्यात असल्याचे सांगितले आणि सगळा बनाव उघडा पडला. चारच दिवसांत अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हेरगिरीची जबाबदारी स्वीकारावी लागली आणि त्याच महिन्यातली पॅरिसची शिखर परिषद कोलमडली.

या घटनेतून अमेरिकी यंत्रणेने कोणता धडा घ्यायला हवा होता आणि तिने कोणता घेतला, हा मला या संपूर्ण इतिहासातला कळीचा प्रश्न वाटतो. खोटे बोलणे अंगाशी येते, हा एक धडा होता. प्रत्यक्षात घेतला गेलेला धडा असा होता की विमानात माणूस असल्यामुळे पंचाईत झाली. दोनच महिन्यांत आरबी-४७ हे आणखी एक टेहळणी विमान सोव्हिएत संघाने पाडले. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबावर यू-२ पाडले गेले आणि त्याचे वैमानिक मेजर रुडॉल्फ अँडरसन यांचा मृत्यू झाला. विमानात माणूसच नको, असे ठरवताना माणसाचा जीव वाचावा, ही इच्छा खरी होती आणि तिला मी कमी लेखत नाही. पण त्याच्या जोडीला दुसरी इच्छाही होती: पकडला जाईल, कबुली देईल, ज्याच्यावर खटला चालेल, असा कोणीही त्या विमानात नसावा. मानवरहित टेहळणी विमानाला पैसा आणि वेग मिळाला तो याच काळात. पुढच्या सहा दशकांत या विमानांभोवती जे संशय वाढले, त्यांचे मूळ या जन्मकथेत आहे.

पहिले यश अगदी साध्या वस्तूतून आले. सॅन दिएगो येथील रायन कंपनी फायरबी नावाचे मानवरहित जेट बनवत असे. त्याचे काम होते तोफांच्या आणि क्षेपणास्त्रांच्या सरावात लक्ष्य होणे. याच लक्ष्याला कॅमेरा बसवून, इंधनाची टाकी वाढवून 'लाइटनिंग बग' तयार झाले. डीसी-१३० विमानाच्या पंखाखालून ते सोडायचे, आखलेल्या मार्गाने छायाचित्रे घेऊन परत आणायचे आणि शेवटी हवाई छत्रीने खाली येत असताना हेलिकॉप्टरने हवेतच आकड्यात अडकवून उचलायचे, अशी त्याची पद्धत होती. ऑगस्ट १९६४ मध्ये ते दक्षिण चीनवर उडू लागले. नोव्हेंबरमध्ये चीनने असे एक विमान पाडल्याचे जाहीर केले आणि पुढे त्यांचे अवशेष लोकांसमोर मांडले. आग्नेय आशियात १९७५ पर्यंत या विमानांची ३,४३५ उड्डाणे झाली. ज्या देशावर ती उडत होती त्याला हे ठाऊक होते. ज्या करदात्यांच्या पैशाने ती उडत होती त्यांच्यापैकी बहुतेकांना मात्र त्याची कल्पना नव्हती. मग ही गुप्तता नेमकी कोणापासून होती, हा प्रश्न मी पुन्हापुन्हा विचारत आलो आहे.

डी-२१ ची कथा याहून विलक्षण आहे. लॉकहीड कंपनीच्या स्कंक वर्क्स विभागाने बनवलेले हे ड्रोन ध्वनीच्या तिपटीहून अधिक वेगाने, ८० हजार फुटांहून अधिक उंचीवरून जाण्यासाठी होते. आधी ते एम-२१ या वेगवान विमानाच्या पाठीवरून सोडले जाई. ३० जुलै १९६६ रोजी सुटताना ते मूळ विमानावरच आदळले आणि रे टॉरिक हे अभियंते त्यात मरण पावले. त्यानंतर ते बी-५२ या बॉम्बफेकी विमानाच्या पंखाखालून सोडण्याची योजना झाली. चीनच्या लोप नोर अणुचाचणी क्षेत्राची छायाचित्रे घेऊन ड्रोनने समुद्रावर परतायचे, कॅमेरा आणि फिल्म असलेला भाग पोटातून खाली सोडायचा, तो हवाई छत्रीने उतरत असताना विमानाने झेलायचा आणि उरलेल्या ड्रोनने स्वतःला नष्ट करायचे, असा बेत होता. १९६९ ते १९७१ या काळात चार मोहिमा झाल्या. पहिल्या मोहिमेतले ड्रोन वळलेच नाही. ते सरळ पुढे जाऊन सोव्हिएत संघात कोसळले आणि तिथल्या अभियंत्यांनी त्याच्या अवशेषांचा अभ्यास केला. दुसऱ्या मोहिमेत हवाई छत्री नीट उघडली नाही आणि फिल्म समुद्रात गेली. तिसऱ्या मोहिमेत फिल्मचा भाग झेलता आला नाही, तो पाण्यावर तरंगत होता, आणि त्याला उचलायला आलेली युद्धनौकाच त्याच्यावरून गेल्याने तो बुडाला. चौथे ड्रोन चीनमध्ये पडले. इतक्या मोहिमांतून एकही छायाचित्र हाती लागले नाही. सर्वशक्तिमान, कधी न चुकणाऱ्या गुप्त यंत्रणेची कल्पना करणाऱ्या प्रत्येकाने ही चार उड्डाणे एकदा डोळ्यांसमोर आणावीत, असे मला मनापासून वाटते.

आता आकाशात दिसणाऱ्या दिव्यांकडे येऊ. यू-२ च्या चाचण्या ऑगस्ट १९५५ मध्ये नेवाडातील ग्रूम लेक येथे, म्हणजे एरिया ५१ म्हणून पुढे गाजलेल्या जागी, सुरू झाल्या. त्या काळी प्रवासी विमाने साधारण १० ते २० हजार फुटांवरून जात, तर यू-२ साठ हजार फुटांच्याही वर उडे. संध्याकाळी जमिनीवर आणि प्रवासी विमानाच्या उंचीवर अंधारून आलेले असताना त्या उंचीवर सूर्य अजून मावळलेला नसे. सुरुवातीच्या यू-२ विमानांना रंग दिलेला नव्हता. त्यांच्या चंदेरी पंखांवर तो प्रकाश पडला की खालच्या वैमानिकाला आपल्या कितीतरी वर एक पेटती वस्तू सरकताना दिसे. एवढ्या उंचीवर विमान असू शकते हेच त्याला ठाऊक नव्हते. त्याने पाहिले ते खरे होते, त्याने दिलेली माहिती प्रामाणिक होती. उडत्या तबकड्यांच्या नोंदी तपासणाऱ्या हवाई दलाच्या 'ब्लू बुक' प्रकल्पातले तपासनीस अशा नोंदी सीआयए या गुप्तचर संस्थेच्या यू-२ उड्डाणांशी ताडून पाहत. जुळणी झाली तरी साक्षीदाराला खरे कारण सांगता येत नसे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आणि १९६० च्या दशकातल्या उडत्या तबकड्यांच्या निम्म्याहून अधिक नोंदी या गुप्त विमानांमुळे झाल्या, असे सीआयएच्या इतिहासात नमूद आहे. हा आकडा काही अभ्यासकांना अतिशयोक्त वाटतो आणि मलाही तो जसाच्या तसा स्वीकारावासा वाटत नाही. मात्र प्रामाणिक साक्षीदाराला जाणूनबुजून चुकीचे कारण सांगितले गेले, एवढे त्यातून निश्चित दिसते.

न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलचेही तेच झाले. १९४७ मध्ये तिथे पडलेले अवशेष आधी 'उडती तबकडी' म्हणून आणि लगेच हवामानाचा फुगा म्हणून जाहीर झाले. सोव्हिएत अणुचाचण्यांचे ध्वनितरंग उंचावरून टिपण्यासाठी चाललेल्या मोगल प्रकल्पाचे ते फुगे होते, हे अमेरिकी हवाई दलाने १९९४ च्या अहवालात सांगितले, म्हणजे तब्बल ४७ वर्षांनी. त्यानंतर १९९७ मध्ये आलेल्या दुसऱ्या अहवालाने परग्रहवासीयांचे मृतदेह पाहिल्याच्या आठवणींचा संबंध हवाई छत्र्यांच्या चाचणीतल्या बाहुल्यांशी जोडला, पण त्या बाहुल्या टाकल्या गेल्या होत्या १९५० च्या दशकात. साहजिकच लोकांनी तेवढी विसंगती पकडली आणि पहिल्या अहवालातली खरी माहितीही तिच्यासोबत बुडाली. जून २०२५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने दिलेले वृत्त तर अस्वस्थ करणारे आहे: १९८० च्या दशकात हवाई दलाच्या एका कर्नलने एरिया ५१ जवळच्या मद्यालयात उडत्या तबकड्यांची बनावट छायाचित्रे नेऊन दिली, आणि हेतू होता एफ-११७ या गुप्त विमानावरून लक्ष हटवण्याचा. स्वतः अफवा पेरायच्या आणि नंतर लोक अफवांवर विश्वास ठेवतात म्हणून खेद व्यक्त करायचा, हे वागणे लोकशाही सरकारला शोभत नाही.

याउलट गप्प राहणे आणि वेळ आल्यावर मोजके खरे सांगणे शक्य असते. २००७ पासून कंदाहारच्या तळावर शेपटी नसलेले एक अनोळखी ड्रोन दिसत होते. धूसर छायाचित्रांवरून त्याला 'बीस्ट ऑफ कंदाहार' असे नाव पडले आणि तर्कांना ऊत आला. डिसेंबर २००९ मध्ये हवाई दलाने ते आरक्यू-१७० सेंटिनेल असून लॉकहीडचे टेहळणी विमान असल्याचे मान्य केले आणि गूढ पुष्कळसे ओसरले. तांत्रिक तपशील तेव्हाही कोणी दिले नाहीत, ते देण्याची गरजही नव्हती. दुर्दैवाने दोनच वर्षांनी जुनी सवय परत आली. डिसेंबर २०११ मध्ये असे एक विमान इराणच्या हाती लागले, तेव्हा पश्चिम अफगाणिस्तानवर उडणाऱ्या विमानावरचा ताबा सुटला, एवढेच आधी सांगण्यात आले. विमान मात्र सापडले होते काश्मरजवळ, सीमेपासून दोनशेहून अधिक किलोमीटर आत. इराणनेही ते दूरचित्रवाणीवर दाखवताना त्याचा खालचा भाग घोषणांच्या कापडी फलकांनी झाकून टाकला होता. उपग्रहाचे खोटे संकेत पाठवून आपण ते उतरवले, हा इराणचा दावा आजवर सिद्ध झालेला नाही, आणि त्यावर जगभर उभे राहिलेले तर्कांचे इमले तितकेच निराधार आहेत.

संशय घेणाऱ्यांकडूनही माझी अपेक्षा आहे, आणि ती कमी कडक नाही. डिसेंबर २०१८ मध्ये ड्रोन दिसल्याच्या वार्तांमुळे लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावरची सुमारे एक हजार उड्डाणे विस्कळीत झाली. एका निरपराध जोडप्याला पकडण्यात आले, वृत्तपत्रांनी त्यांची नावे छापली, नंतर त्यांना आरोपाविना सोडावे लागले आणि पोलिसांना भरपाई द्यावी लागली. कोणीही दोषी सापडला नाही. २०२४ च्या अखेरीस न्यू जर्सीवर रहस्यमय ड्रोनांचे थवे असल्याची चर्चा उसळली, तेव्हा अमेरिकी काँग्रेसच्या एका सदस्याने ते इराणच्या जहाजावरून येत असल्याचे सांगितले आणि पेंटॅगॉनला तसे जहाज तिथे नसल्याचा खुलासा करावा लागला. एफबीआयकडे पाच हजारांहून अधिक सूचना आल्या. त्यांतल्या शंभराहूनही कमी पुढे तपासण्याजोग्या निघाल्या. रात्री अंतराचा अंदाज घ्यायला आजूबाजूला काहीच नसते, त्यामुळे जवळचे लहान ड्रोन आणि दूरचे मोठे विमान डोळ्याला सारखेच दिसतात. उतरण्याचे दिवे लावून सरळ आपल्या दिशेने येणारे विमान कितीतरी वेळ एकाच जागी तरंगल्यासारखे वाटते. लोक दिव्यांवर लेझर रोखू लागले, आणि त्या दिव्यांमागे खरे वैमानिक असू शकतात म्हणून एफबीआयला इशारा द्यावा लागला. कुतूहल म्हणून सुरू झालेली गोष्ट इथे दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकली असती.

खरी गुपिते बाहेर आली ती चिकाटीच्या कामातून. एरिया ५१ चे नाव असलेला यू-२ चा इतिहास २०१३ मध्ये खुला झाला, कारण जेफ्री रिचेलसन या संशोधकाने माहितीच्या कायद्याखाली २००५ मध्ये त्याची मागणी केली होती आणि ती सोडून दिली नव्हती. उरलेली डी-२१ ड्रोन ॲरिझोनातल्या तळावर उघड्यावर ठेवली गेली, तेव्हा कुंपणाबाहेरून पाहणाऱ्या विमानप्रेमींनी ती हेरली. अवशेष, तळ, अर्थसंकल्पातल्या तरतुदी, काम करणारी माणसे, यांतले काही ना काही प्रत्येक खऱ्या प्रकल्पामागे उरतेच.

आणि मला सर्वांत जास्त खटकते ते पुढचे. प्रेडेटर हे अमेरिकी मानवरहित विमान १९९४ मध्ये प्रथम उडाले आणि १९९५ मध्ये बोस्नियावर गेले, ते निव्वळ टेहळणीसाठी. फेब्रुवारी २००१ मध्ये त्यावरून हेलफायर क्षेपणास्त्र डागण्याची चाचणी झाली, आणि जून २००४ मध्ये पाकिस्तानच्या दक्षिण वझिरिस्तानात अशा विमानाने नेक मुहम्मद या तालिबानी म्होरक्याला ठार केले, तेव्हा हा हल्ला आपणच केला असे पाकिस्तानी लष्कराने आधी सांगितले. पाकिस्तानातल्या हल्ल्यांबद्दल अध्यक्ष ओबामा जाहीरपणे बोलले ते जानेवारी २०१२ मध्ये. मधल्या साडेसात वर्षांत नागरिक मेले, त्यांच्या कुटुंबांना दाद मागायला अधिकृतपणे समोर कोणी नव्हते. हे दडवणे प्रत्यक्ष घडत होते, त्याचे साक्षीदार होते, आणि त्याच वर्षांत तबकड्यांच्या चित्रफितींना मिळालेल्या लक्षाचा एक अंशही त्या गावांच्या वाट्याला आला नाही.

सध्या चर्चा आहे ती आरक्यू-१८० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या टेहळणी ड्रोनची. एव्हिएशन वीकने डिसेंबर २०१३ मध्ये त्याचे वृत्त दिले. अशा प्रकारचे विमान उडत असावे, हे मला पटते, कारण त्यामागे नाव सांगून लिहिणाऱ्या पत्रकारांचे काम आहे. त्याचे पंख किती लांब आहेत, रडारला ते किती चकवते, हे मला कोणी सांगावे अशी माझी मागणी नाही. ते कोणाच्या हद्दीवरून उडते, त्या उड्डाणाची परवानगी कोणी दिली आणि ते कोसळले तर कोण पुढे येऊन बोलणार, हे मात्र मला विचारायचे आहे, आणि आकाशातल्या दिव्यांच्या चित्रफिती मला पाठवणाऱ्या प्रत्येक मित्रानेही ते माझ्याबरोबर विचारावे, अशी विनंती आहे.