वाइनचे सात नियम आणि मामाची साखरेची गोळी

"जेवणासोबत वाइन : सात सोनेरी नियम" हा मेसेज सध्या ठाण्यापासून पनवेलपर्यंत प्रत्येक फॅमिली ग्रुपवर फिरतोय. वर द्राक्षांचा घड, खाली "जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा". आधी आला तेव्हा मी न वाचता सोडून दिला होता. पण परवा घणसोलीहून मामाने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "सातवा नियम वाच. म्हणजे मला चालते." मामाला डायबिटीस आहे, साखरेच्या गोळ्या चालू आहेत, सकाळी एक आणि रात्री एक. तेव्हा आता गप्प बसणं शक्य नाही.

ज्यांच्यापर्यंत मेसेज पोचला नसेल त्यांच्यासाठी नियम थोडक्यात. मासे-चिकनसोबत पांढरी, मटणासोबत लाल, कधीही उलट नाही. तिखट जेवणासोबत कडक लाल वाइन, कारण अल्कोहोल तिखट धुऊन टाकतं. गोडासोबत ड्राय, म्हणजे साखर जवळपास न उरलेली वाइन, त्याने गोडवा तोलला जातो. लाल वाइन फ्रीजमध्ये ठेवायची नाही, रूम टेम्परेचरलाच प्यायची. शाकाहारी जेवणाशी वाइन जुळत नाही. बाटली जितकी महाग तितकी जेवणाशी चांगली जुळते. आणि सातवा, रोज जेवताना एक ग्लास लाल वाइन हृदयाला चांगली, शिवाय तो द्राक्षाचाच रस असल्यामुळे डायबिटीसवाल्यांनाही चालतो.

सातवा आधी घेते, कारण बाकीच्या नियमांनी फार तर जेवण बिघडेल.

द्राक्षाच्या रसात यीस्ट पडलं की ते त्यातली साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. त्यानंतर तो रस राहत नाही. बाटलीवर १३ टक्के लिहिलेलं असतं ते हेच. दीडशे मिलीच्या एका ग्लासातून साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल पोटात जातं. आता साखरेच्या पेशंटचा प्रश्न वाइनमध्ये साखर किती उरली एवढाच नसतो. आपण झोपेत असतो, पोट रिकामं असतं, तेव्हा रक्तातली साखर टिकवून धरायचं काम यकृत करतं, नवीन ग्लुकोज तयार करून रक्तात सोडतं. अल्कोहोल आलं की यकृत आधी ते निस्तरायला बसतं आणि ग्लुकोज बनवणं मागे पडतं. ज्याला इन्सुलिन चालू आहे किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू आहे, त्याची साखर अशा वेळी काही तासांनी घसरू शकते, कधी कधी तर मध्यरात्रीनंतर. लक्षणं कोणती? घाम, थरथर, अडखळत बोलणं, भान नसल्यासारखं वागणं. म्हणजे घरच्यांना वाटणार, जरा जास्त झालीय, झोपू दे. नेमकं तेव्हाच झोपू देणं जिवावर बेतू शकतं. मेटफॉर्मिन ही साखरेची दुसरी गोळी घेणाऱ्यांनी वाइन जास्त प्यायली तर रक्तात लॅक्टिक आम्ल साचायचा धोका वाढतो, आणि किडनी किंवा यकृत आधीच कमजोर असेल तर तो आणखी मोठा. कुणाला किती चालेल, चालेल की नाही, हे त्याच्या गोळ्या आणि रिपोर्ट पाहून डॉक्टरने सांगायचं. द्राक्षांचा घड लावलेल्या चित्राने नाही.

हृदयाचं म्हणाल तर ही गोष्ट हवेतून आलेली नाही, एवढं मान्य करावं लागतं. फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात तरी त्यांच्यात हृदयविकार कमी, आणि त्याचं श्रेय वाइनला, अशी मांडणी १९९२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली होती आणि जगभर गाजली. पण अशा पाहण्यांमध्ये 'न पिणारे' म्हणून जे मोजले जात, त्यांत आजारपणामुळे दारू सोडलेलेही असत. आजारी माणसांशी तुलना केली की बेताने पिणारा ठणठणीत दिसणारच. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सरळ सांगितलं की आरोग्याच्या दृष्टीने अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. तिच्याच कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत, कर्करोगाला नक्की कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात, अल्कोहोल १९८८ पासून आहे. मी स्वतः वाइन पिते, आवडीने पिते. पण ती मला चवीसाठी हवी असते, आणि म्हणूनच तिला औषध म्हटलेलं मला खपत नाही.

आता दुसरा नियम. तिखटावर कडक लाल. हा ज्याने लिहिला त्याने आयुष्यात कधी आगरी मटण खाल्लेलं नाही, हे मी पैजेवर सांगते.

माझ्या मामेभावाने हा नियम तंतोतंत पाळला. रविवारचं मटण, मामीच्या हातचा मसाला, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, वर लालभडक तवंग, सोबत तांदळाची भाकरी. आणि टेबलावर १४ टक्क्यांची, लाकडी पिंपात मुरवलेली शिराझ ही लाल वाइन. पहिला घोट जेवणाआधी घेतला तेव्हा वाइन छान होती, मिरी आणि जांभळाची आठवण करून देणारी. मग रश्श्यात बुडवलेल्या भाकरीचे दोन घास खाल्ले आणि दुसरा घोट घेतला. फळ गायब. जिभेच्या कडा पेटल्या, टाळू कोरडा पडला, घशात नुसता कडूपणा आणि आग. वहिनीने ग्लास बाजूला ठेवला तो पुन्हा उचललाच नाही. मामी काही न बोलता आत गेली आणि ताकाचा तांब्या घेऊन आली.

असं का होतं याचं उत्तर आज उपलब्ध आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन ही चव नाहीच, ती जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, लागलेली खोटी वर्दी आहे. तो ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा मोठा वाटा होता. एरवी हा ग्राहक साधारण ४२ अंशांना जागा होतो. २००२ मध्ये 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये आलेल्या संशोधनात दिसलं की अल्कोहोलच्या सान्निध्यात तो ३४ अंशांच्या आसपासच जागा होतो. आपलं शरीर ३७ अंशांचं. म्हणजे तोंडाची स्वतःची ऊबसुद्धा त्याला भाजल्यासारखी वाटायला लागते. मिरचीने आधीच चवताळलेल्या त्या ग्राहकावर अल्कोहोल ओतलं की आग विझत नाही, वाढते. त्यात लाल वाइनमधलं टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून उतरणारं तुरट द्रव्य, लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि टाळू कोरडा पडतो. तिखटाने सोललेल्या तोंडाला हा तुरटपणा दुप्पट जाणवतो.

"अल्कोहोल तिखट धुऊन टाकतं" यामागे एक अर्धवट खरं आहे. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. पण वाइनमध्ये ८५ टक्क्यांच्या वर पाणी असतं. तेवढ्या अल्कोहोलने काही धुतलं जात नाही, झोंबतं मात्र नक्की. तिखट खरोखर उतरवतात ते दूध-दह्यातली प्रथिनं, साखर आणि थंडावा. म्हणून मामीचा तांब्या बरोबर होता आणि मेसेज चूक.

मग तिखटासोबत वाइन घ्यायचीच नाही का? घ्या, पण उलट दिशेने जा. अल्कोहोल कमी, टॅनिन जवळपास नाही, थोडा गोडवा, आणि चांगली गार. आपल्या नाशिकची चेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन यासाठी अगदी हाताशी आहे. त्याच रविवारी फ्रीजमधली एक बाटली उघडली आणि त्याच मटणासोबत घेतली. तिखट तिखटच राहिलं, पण वाइनमधला पेरूसारखा गोडसर वास टिकला आणि पुढचा घास घ्यावासा वाटला. थोडी गोडसर रोझे, म्हणजे गुलाबी वाइनही चालते. फसफसणारी वाइन काहींना आवडते, पण बुडबुडे स्वतःच चुरचुरतात, त्यामुळे जपून. आणि रस्सा अगदीच जहाल असेल तर माझं स्पष्ट मत आहे, जेवताना सोलकढी किंवा ताक घ्या आणि वाइन आधी तळलेल्या बोंबलांसोबत संपवा.

मासे-पांढरी, मटण-लाल या पहिल्या नियमात काहीतरी आहे, नाइलाजाने कबूल करते. लाल वाइनसोबत मासळी खाल्ली की तोंडात कधी कधी लोखंड चाटल्यासारखी, शिळ्या मासळीसारखी चव येते. पण तो रंगाचा गुण नाही. जपानमधल्या मर्सियन या वाइन कंपनीच्या संशोधकांनी २००९ मध्ये ३८ लाल आणि २६ पांढऱ्या वाइन सुकवलेल्या शिंपल्यांसोबत चाखून पाहिल्या. ती वाईट चव जिथे जोरात आली तिथे वाइनमध्ये लोह जास्त होतं, लिटरला दोन मिलिग्रॅमच्या वर. लोह बांधून ठेवणारा पदार्थ घातला की चव ओसरली. लाल वाइनमध्ये असं लोह जास्त वेळा सापडतं, पण सगळ्यांत नाही. तेव्हा "कधीही उलट नाही" हे खोटं.

शिवाय आपल्याकडे मासा कुठे नुसता असतो? दिवाळे गावच्या मासळी बाजारातून बांगडा आणला, मीठ-हळद-आलं-लसूण-मसाला लावून रव्यात घोळवून तळला, तर वाइन त्या तेलाशी, मिठाशी आणि मसाल्याशी जुळवायची. इथे आंबटसर, गार सॉव्हिन्यो ब्लाँ ही पांढरी वाइन उत्तम, लिंबू पिळल्याचं काम करते. तोच बांगडा चिंच-कोकम घालून कालवणात गेला की हिशेब बदलतो. वाइन जेवणापेक्षा कमी आंबट असेल तर ती पाणचट लागते, तेव्हा इथेही आंबटपणा भरपूर हवा, आणि कालवण तिखट असेल तर जोडीला जरा गोडवा. प्राणी कुठला होता यावरून यातलं काहीच कळत नाही. पांढऱ्या मटणात नारळाचं दूध असेल तर त्यासोबत पांढरी वाइन शोभते, आणि कोळशावर भाजलेल्या, बेताच्या मसाल्याच्या कोंबडीसोबत हलकी लाल. अकलूजकडे पिकणाऱ्या सांजोव्हेजे या लाल वाइनच्या द्राक्षाची एखादी सौम्य बाटली मी अशा जेवणाला आनंदाने उघडते.

मुळात हे नियम जिथून आले तिथे जेवण एकामागून एक येतं. आधी सूप, मग मासा, मग मांस, आणि ताटात लोणी-क्रीमचा सॉस. आपल्या ताटात लोणचं, चटणी, कोशिंबीर, आमटी, गोड सगळं एकाच वेळी. म्हणून वाइन ताटातल्या सगळ्यात आक्रमक चवीशी जुळवायची, मग ती चव मटणाची असो वा ठेच्याची.

गोडासोबत ड्राय वाइन हा नियम तर करून पाहिला की लगेच पडतो. पुरणपोळीचा किंवा श्रीखंडाचा घास घ्या आणि वर ड्राय वाइन प्या, ती कच्च्या कैरीसारखी आंबट लागेल. गोडासोबत वाइन गोडाहून गोड हवी, म्हणून उशिरा खुडलेल्या द्राक्षांची लेट हार्वेस्ट असते. छोटा ग्लास, एवढंच. आणि हो, साखरेच्या पेशंटला ती पोळीही नको आणि हा ग्लासही नको.

रूम टेम्परेचर म्हणजे युरोपातली जुनी दगडी खोली, १६ ते १८ अंशांची. मे महिन्यात कोपरीतल्या किंवा कोपरखैरण्यातल्या हॉलमध्ये ३२-३३ अंश असतात. तिथे लाल वाइन उघडली की आधी अल्कोहोलचा भपका नाकात जातो. पिण्याआधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा. पांढरी त्याहून बराच जास्त वेळ.

शाकाहाराशी वाइन जुळत नाही म्हणणाऱ्याने कोथिंबीर वडी आणि सॉव्हिन्यो ब्लाँ एकदा एकत्र घ्यावी. दोघांतही तोच हिरवा वास असतो. चिंच-गुळाच्या अळूवडीसोबत गोडसर चेनिन, चुलीवर भाजलेल्या वांग्याच्या भरितासोबत कमी टॅनिनची लाल, मिरची हात राखून. मिसळीसोबत मात्र काहीही नको, त्या तर्रीपुढे कुठलीच वाइन टिकत नाही.

राहिली किंमत. लाल वाइन महाग होते त्यात बरेचदा ओक या झाडाच्या लाकडी पिंपाचा आणि मुरवण्याच्या काळाचा वाटा असतो. पिंपातून वाइनला आणखी टॅनिन येतं, लाकडाचा कडवटपणा येतो, आणि चांगली पिकलेली द्राक्षं वापरल्यामुळे अल्कोहोलही बऱ्याचदा चढं असतं. म्हणजे नेमक्या त्याच तीन गोष्टी, ज्या आपल्या मसाल्याशी भांडतात. अशी बाटली वाईट नसते, तिला चीज, कमी मसाल्याचं भाजलेलं मटण, निवांत संध्याकाळ हवी. पण घरी तिखट कालवण शिजत असेल तर वाइन शॉपमध्ये 'रिझर्व्ह' लिहिलेल्या महागड्या, मुरवलेल्या बाटल्यांच्या फळीकडे जाऊच नका. खालच्या फळीवरची साधी पांढरी घ्या, बाटलीवरचं साल बघून जितकी ताजी मिळेल तितकी, आणि घरी आल्याबरोबर फ्रीजमध्ये टाका.