माफी मागण्याचा मान

मराठीत पापाची आणि पश्चात्तापाची थोर कादंबरी झालीच नाही, असं कुणी ना कुणी अधूनमधून लिहीत असतं. पाठोपाठ रशियन कादंबरीकार दस्तयेवस्की येतो, त्याचा खुनी नायक रास्कोल्निकोव्ह येतो, आणि मग आपण मराठी माणसं कशी उथळ, वगैरे. मी वेंगुर्ल्याकडची. आमच्या एका तालुक्यात राहून गेलेल्या लेखकांनी या विषयावर लिहिलंय तेवढं तरी आधी वाचा, एवढंच माझं म्हणणं आहे. (पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.)

सुरुवात मुळापासूनच करते. कोकण परशुरामाने समुद्र मागे हटवून वसवलं, ही गोष्ट आमच्याकडे पोराटोरांना पाठ असते. रिक्षाच्या काचेवरसुद्धा 'परशुरामभूमी' लिहिलेलं असतं. पण त्याला समुद्राकडे जागा मागायची वेळ का आली, हे सांगताना आवाज जरा खाली जातो. बापाच्या शब्दाखातर आईवर कुऱ्हाड चालवली. पुढे एकवीस वेळा क्षत्रियांचा संहार केला. मग सगळी पृथ्वी कश्यपाला दान करून टाकली, आणि दान दिलेल्या जमिनीवर राहायचं कसं, म्हणून समुद्राकडे यावं लागलं. म्हणजे हाताला रक्त लागलेल्या माणसाला टेकायला जागा हवी होती, त्यातून ही किनारपट्टी आली. त्यातलं पाप आम्ही बाजूला ठेवलं आणि पराक्रम तेवढा काचेवर रंगवला.

आता देवळात या. गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवाला विनवणी, घालताना 'काय चुकला-माकला असात तर पोटात घाल' असं म्हटलं जातं आणि जमलेले सगळे एका सुरात 'होय म्हाराजा' म्हणतात. कुणाचं चुकलं, काय चुकलं, कधी चुकलं, काही नाही. बांध कुणी सरकवला हे समोरच्या निम्म्या माणसांना ठाऊक असतं, सरकवणारा तिथेच हात जोडून उभा असतो, आणि त्याचाही 'होय म्हाराजा' इतरांइतकाच खणखणीत असतो. मला यात ढोंग दिसत नाही. रोज एकमेकांचं तोंड बघायचं असलेल्या गावाने शोधलेली ती सोय आहे.

पण याच देवळात मानपानावरून भांडणं होतात. पालखीला पहिला खांदा कुणाचा, पहिला नारळ कुणाचा, गाऱ्हाणं घालायचा अधिकार कुठल्या घराण्याचा. प्रकरणं कोर्टात जातात, उत्सव बंद पडतात. देवापुढे वाकून सगळ्यांच्या वतीने माफी मागायची, आणि ती मागायचा मान आपलाच म्हणून शेजाऱ्याचं डोकं फोडायचं! आमच्या बाजूचं साहित्य मला याच जागी उभं असलेलं दिसतं. पापाला वाट काढून देता येते, पण आपण शुद्ध असल्याच्या गर्वाला कुठलंच गाऱ्हाणं चालत नाही.

हे सगळ्यात निर्दयपणे चिं. त्र्यं. खानोलकरांनी लिहिलं. कुडाळला खाणावळ चालवणारा हा माणूस, कविता लिहिताना आरती प्रभू. त्यांची कादंबरी 'कोंडुरा' १९६६ची. कोंडुरा नावाचा किनारा वेंगुर्ल्याजवळ खरोखरच आहे. ज्यांना कादंबरी जड जाते त्यांनी श्याम बेनेगल यांनी १९७८मध्ये तिच्यावर केलेला चित्रपट बघावा. नायकाचं नाव परशुराम, हे विसरू नका. घरात मान नाही, भावाशी पटत नाही, असा साधा माणूस. समुद्रावर कोंडुरास्वामी भेटतो, ब्रह्मचर्याच्या अटीवर सिद्धी देतो आणि हातात गर्भ पाडणारी मुळी ठेवतो. गाव पाया पडू लागतं. बड्या घरच्या सुनेच्या पोटात सासऱ्याचं पाप वाढतंय, अशी या माणसाची खात्री पटते आणि तो तिला मुळी देतो. मूल तिच्या नवऱ्याचंच असतं.

इथे पाप नेमकं कुणी केलं? सासरा धुतल्या तांदळाचा नाही हे मान्य. पण त्याच्या नावलौकिकावरून सुनेचा गर्भ ठरवून मोकळा झाला तो पुण्यवान माणूस. लोभ नाही, वासना नाही, अंगावर व्रताचं तेज. त्या तेजातच त्याला समोरची बाई दिसली नाही. तिला एका शब्दाने विचारलं असतं तर? पण देवीशी बोलणं चालू असलेला माणूस बाईला कशाला विचारील! ही जागा वाचताना मला अजून धडधडतं, कारण असे देवमाणूस म्हणवून घेणारे आमच्या आजूबाजूला भरपूर आहेत आणि त्यातले बरेच स्वभावाने खरंच चांगले आहेत.

वि. स. खांडेकरांबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. १९२० ते १९३८ ते वेंगुर्ला तालुक्यातल्या शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते, म्हणजे आमचेच. त्यांच्या 'ययाति' कादंबरीला पुढे ज्ञानपीठ मिळालं. पण त्यातला विरक्त कच तोंड उघडतो आणि माझं पान उलटायचा वेग वाढतो. पाप म्हणजे काय हे इतकं समजावून सांगितलं की ते करायचीही मजा जाते आणि त्याची भीतीही. खरी ताकद ययातीची राणी देवयानी हिच्या भागात आहे. ती आपली बाजू सांगते, मुद्देसूद सांगते, आणि तिच्या प्रत्येक वाक्यातून गर्व निथळत असतो, फक्त तिला तो दिसत नाही. खांडेकरांनी तिच्यावर भाष्य न करता तिलाच बोलू दिलं, तिथे त्यांचा उपदेश गप्प बसला.

आणि तो रास्कोल्निकोव्ह. (हत्यार त्याचंही कुऱ्हाडच.) 'गुन्हा आणि शिक्षा' १८६६ची. ती पश्चात्तापाची कादंबरी म्हणणाऱ्यांनी उपसंहार पुन्हा वाचावा. सायबेरियात तो आजारी पडतो तो दुखावलेल्या अहंकाराने, असं दस्तयेवस्कीने स्वच्छ लिहिलंय. आपण असामान्य, आपल्याला सगळं माफ, हे त्याने आधीच ठरवलेलं होतं आणि सावकारीण म्हातारी त्याच्या हातून मेली ती त्यानंतर. तो आणि कोंडुऱ्याचा परशुराम मला एकाच गोत्रातले वाटतात.

श्री. ना. पेंडसे आमच्या तालुक्यातले नव्हेत, पण कोकणातलेच. त्यांच्याकडे गावाचा गर्व आहे. 'गारंबीचा बापू'मधला बापू राधेसोबत राहतो, गाव बोटं मोडतं. पण पश्चात्ताप बापूला होत नाही आणि तो व्हावा असं मलाही कुठे वाटलं नाही. 'तुंबाडचे खोत'बद्दल बोलायला बसले तर रात्र जाईल. जगबुडीकाठचा तो वाडा, ती पिढ्यान् पिढ्यांची मिजास. खोती, म्हणजे गावाचा सारा गोळा करायचा पिढीजात हक्क, १९४९च्या कायद्याने गेली, काही घरांतल्या बोलण्यातून अजून गेलेली नाही.

या सगळ्यांत मला राहून राहून एक खुपतं. गर्व बहुतेक पुरुषांचा आणि त्याची किंमत मोजणारी बाई. परशुरामाची आई रेणुका, कोंडुऱ्यातली ती सून, खानोलकरांच्याच 'चानी' कादंबरीतली चानी, जिचा गुन्हा एवढाच की गोऱ्या सोजिराच्या, म्हणजे सैनिकाच्या, पोटी जन्मली. बाईला स्वतःचा ताठा असलेला दिसतो तो 'रथचक्र'मध्ये. पेंडशांनी नायिकेला नावसुद्धा दिलं नाही, पण कणा असा दिला की बघत राहावं. नवरा घर सोडून गेलेला, आणि मुलांना शिकवायचं म्हणून ही बाई सासरच्या मोठ्या घराशी उभा दावा मांडते.

माझ्या आत्याला ती कादंबरी मुळीच आवडत नाही. 'बायलमाणसाक येवढो ताठो कित्याक?' हे तिचं परीक्षण. ही आत्या बांधावरच्या एका हापूसच्या कलमापायी सख्ख्या दिराशी कोर्टात उभी आहे. वकील तडजोड कर म्हणतो, मुलगा मुंबईहून फोन करून सांगतो की कलमाच्या किमतीपेक्षा तुझ्या एसटीच्या फेऱ्यांचाच खर्च जास्त झाला. ती म्हणते, कलम ऱ्हवांदे, पण चूक त्येची असा त्येका माझ्यासमोर बोलाक होया.