आधी वाचायची खोड मोडा

जुनी कॉमिक्स जमवायचं मनात आहे? उत्तम. मग सगळ्यात आधी वाचायची खोड मोडा. वाचणारी माणसं या छंदात टिकत नाहीत. ती पान उलटतात, उलटताना अंकाचा कणा, म्हणजे घडीची कडा, ताणला जातो, पिनेजवळ नखाएवढी पांढरी रेघ उमटते आणि कालपर्यंत दहापैकी ९.८ गुणांचा असलेला अंक ९.४ वर येतो. एवढ्यानं किंमत निम्म्याखालीही जाऊ शकते. आतली गोष्ट तेवढी चांगली असते का? नसते.

हे गुण देणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांतली सीजीसी २००० सालापासून याच कामात आहे. तुम्ही अंक पाठवायचा, त्यांनी ०.५ ते १० या पट्टीवर गुण द्यायचे आणि कडक पारदर्शक प्लास्टिकमध्ये तो सीलबंद करून परत करायचा. आता तो बाहेर काढलात तर गुण रद्द. त्यावरचं लेबल निळं आलं तर लोकांना दाखवा. जांभळं आलं तर गप्प बसा. कुणीतरी फाटकं पान चिकटवून किंवा उडालेल्या जागी रंग भरून अंकाची डागडुजी केली आहे, असा त्याचा अर्थ. तो फाटका राहिला असता तर इभ्रत राहिली असती. उष्णता आणि दाब देऊन सुरकुत्या काढणं मात्र डागडुजीत मोडत नाही. इस्त्री चालते, डिंक चालत नाही. का, ते विचारून स्वतःचं अज्ञान उघडं करू नका.

कागदाशी तुमचं वैर आहे, हेही समजून असा. छापणाऱ्यांनी तो लाकडाच्या लगद्याचा, सगळ्यात स्वस्तातला वापरला, कारण महिनाभरानं अंक कचऱ्यात जाणार हे त्यांना ठाऊक होतं. त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या द्रव्यामुळे आणि आम्लामुळे तो पिवळा पडतो, मग तपकिरी, मग कडेनं झडायला लागतो. त्यावर उपाय म्हणजे मायलर या पारदर्शक प्लास्टिकची पिशवी, मागे आम्लविरहित पुठ्ठा, अंधार आणि कोरडी हवा. पाहुण्यांना संग्रह दाखवायचाच झाला तर पेटी बाहेरूनच दाखवावी.

मनात भक्तिभाव मात्र हवा, आणि तो त्या काळच्या आयांबद्दल. जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाला, म्हणजे सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला त्याला, तेव्हा १० सेंट पडत. एप्रिल २०२४ मध्ये त्याची ८.५ दर्जाची एक प्रत लिलावात ६० लाख डॉलरला गेली. ही पुण्याई कुणाची? पोरांनी वाचून अंकांच्या चिंध्या केल्या, युद्धाच्या काळात रद्दी गोळा करणाऱ्यांनी ते नेले, उरलेले आयांनी खोली आवरताना फेकले. कुणीच जपले नाहीत म्हणून तर किंमत आली! उलट १९९१ चा ‘एक्स-मेन’चा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह ८० लाखांहून जास्त खपला. १९९२ मध्ये सुपरमॅन मेला तो अंक काळ्या पिशवीत बंद करून विकला, आणि शहाण्या लोकांनी पिशवीही न फोडता तो म्हातारपणाची सोय म्हणून ठेवून दिला. सगळ्यांनीच ठेवल्यामुळे तो आजही सगळ्यांकडेच आहे.

वाचकांनी किती नासधूस केली, ते पाहायचं असेल तर नोव्हेंबर १९७४ चा ‘हल्क’ क्र. १८१ घ्या. पुढे ‘एक्स-मेन’मध्ये गाजलेल्या वुल्व्हरिनचं पहिलं पूर्ण दर्शन त्यात आहे. आत एक छापील स्टॅम्प होता; तो कापून जमवा, असं खुद्द प्रकाशकानंच सांगितलं होतं. काही गुणी मुलांनी कात्री घेऊन तो व्यवस्थित कापला. आज त्या प्रती अपूर्ण ठरतात. तेव्हा हा अंक हातात आला की वुल्व्हरिनकडे बघायचंही नाही. आधी तो चौकोन जागेवर आहे ना, ते पाहायचं.

चर्चेत उतरायलाही हाच अंक बरा. वुल्व्हरिन त्याच्या आधीच्या, १८०व्या अंकाच्या शेवटच्या चौकटीतच उभा दिसतो. मग त्याचा पहिला अंक कोणता? याचा निकाल लावायची घाई करू नका, पुढची वीस वर्षं यावर निघतील. तेवढ्यात कुणी नवखा मध्येच ‘गोष्ट कशी आहे हो?’ असं विचारेल. त्याच्याकडे दयेनं बघा आणि पिनांच्या गंजाचा विषय काढा.

हॉलिवूडचा नट निकोलस केजच्या घरून ‘ॲक्शन’चा पहिला अंक २००० साली चोरीला गेला. तो २०११ मध्ये सापडला तेव्हा दर्जा ९.० भरला. चोरानंही पानं उलटली नसावीत. असा संयम हवा!

फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचेही आभार माना. कॉमिक्समुळे पोरं बिघडतात असं पुस्तक त्यानं १९५४ साली लिहिलं, अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली, आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर अशी आचारसंहिता घालून घेतली की भयकथांचे अंक पटापट बंद पडले. आज संग्राहक त्याच पुस्तकात पाहून कोणते अंक विकत घ्यायचे ते ठरवतात. त्यानं ज्या चित्राला नावं ठेवली, त्या अंकाला जास्त पैसे पडतात. त्याची तक्रार निदान आतल्या मजकुराबद्दल होती, हे मात्र कबूल करायला हवं.

शेवटी फसवणुकीबद्दल. ‘ॲक्शन’च्या त्या पहिल्या अंकाचं मोठ्या आकारातलं पुनर्मुद्रण १९७४ साली निघालं. त्याचं बाहेरचं वेगळं आवरण काढून आतला अंक मूळ म्हणून खपवणारे लोक आहेत. तेव्हा खरेदीला जाताना मोजपट्टी न्या, लांबी-रुंदी मोजा. वाचून खात्री करत बसू नका. गोष्ट दोन्हींत तीच आहे.