‘ब्रदर-इन-लॉ’ म्हणजे नक्की कोण?

युक्रेनी पूर्वजांचा शोध घेणाऱ्यांमध्ये एक मजकूर सतत पुढे ढकलला जातो. अमेरिकेला जाणाऱ्या जहाजांच्या प्रवासी-याद्यांत, माणूस कोणाकडे चालला आहे त्याच्याशी असलेलं नातं स्पष्ट लिहिलेलं असतं, ते तसंच उचला, असं त्यात म्हटलंय. ‘ब्रदर’ म्हणजे सख्खा भाऊ, ‘ब्रदर-इन-लॉ’ म्हणजे बायकोचा भाऊ, ‘अंकल’चं आडनाव तेच आपलं, आणि ‘कूम’ म्हणजे नुसता मित्र, तो सोडून द्या. माझं सासर युक्रेनी आहे. या सल्ल्यापायी आमच्या घरातली दोन वर्षं वाया गेली, म्हणून हे लिहिते आहे.

मुळात यादीतला शब्द आपल्या माणसाच्या तोंडचा नसतोच. या याद्या जहाज सुटण्यापूर्वी बंदरावरच भरल्या जायच्या. नवऱ्याचे पणजोबा १९१० साली ऑस्ट्रियाच्या अमलाखालच्या गालित्सियातून (आजच्या पश्चिम युक्रेनातून) हॅम्बुर्गमार्गे न्यूयॉर्कला आले आणि तिथून पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणीत गेले. ते बोलले युक्रेनीत, समोरचा कारकून विचार करणार जर्मनमध्ये आणि रकाना इंग्रजीत. कोणाकडे चालला आहेस, या रकान्यात एक नाव आहे आणि पुढे दाटीवाटीने ‘ब्रो. इन लॉ’ एवढंच.

आता युक्रेनीत पाहा. बायकोचा भाऊ शूरिन. नवऱ्याचा भाऊ दीवेर. बायकोच्या बहिणीचा नवरा स्वोयाक. बहिणीचा नवरा झ्यात, आणि जावयालाही झ्यातच म्हणतात, त्यामुळे भाषांतराच्या ॲपने ‘जावई’ दिला की माणूस एक पिढी खाली ढकलला जातो. जावई सोडला तर या सगळ्यांना जर्मनमध्ये एकच शब्द पुरतो, श्वागर. गालित्सियात तो ‘श्वाग्रो’ होऊन बोलण्यातही रुळला होता. इंग्रजी वाचकाला हा गुंता समजावून सांगावा लागतो. आपल्याला दीर, मेहुणा आणि साडू एकाच पंगतीत बसवता येत नाहीत, हे उपजतच कळतं. दीवेर आणि दीर तर एकाच मुळाचे शब्द आहेत. संस्कृत देवृ आठवा.

‘ब्रदर’चंही तसंच. गालित्सियात चुलत-मावसभावाला ‘ब्रात उ पेर्शिख’ म्हणतात. घाईतल्या कारकुनाने त्यातला ‘ब्रात’ तेवढा ऐकला तर नवल काय? आपणही बाहेरच्या माणसाला ‘हा माझा भाऊ’ एवढंच सांगतो.

‘अंकल’चा मुद्दा मात्र सरळ उलटा आहे. वडिलांचा भाऊ तो स्त्रिइको, आईचा भाऊ तो वुइको. आडनाव वेगळं म्हणून ज्या ‘अंकल’ला लोक बाद करतात, तो मामा असला तर तेच आईचं माहेरचं आडनाव, आणि जुन्या शोधात सगळ्यात अवघड सापडणारी गोष्ट तीच. पण सावध राहायला हवं. पश्चिम युक्रेनात कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला वुइको म्हणतात, आपण चौकातल्या पोलिसाला मामा म्हणतो तसं.

कूम सोडून द्या, हा सल्ला मला सगळ्यात जास्त खुपतो. मुलाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा त्याला धरणारा धर्मपिता हा मुलाच्या आईबापांचा कूम होतो. हे नातं इतकं खरं मानलं जायचं की या आध्यात्मिक नात्यातल्या लग्नांना चर्चची मनाई होती. वसईच्या कुपारी समाजाचं नाव पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’वरून आल्याचं सांगतात. ते नातं हेच. यादीत कूम ‘फ्रेंड’ म्हणून लपलेला असतो. तो बहुधा त्याच गावचा. गावाचं नाव वाचता येत नसेल तर त्याच्या नोंदीत पाहा.

मग उत्तर कुठे मिळतं? ग्रीक कॅथलिक, म्हणजे गालित्सियातल्या बहुतेक युक्रेनींच्या चर्चच्या जन्म-लग्नाच्या वह्यांत. त्या बऱ्याचदा लॅटिनमध्ये असतात. घर क्रमांकाचा रकाना असतो आणि पुढच्या काळातल्या अनेक नोंदींत मुलाच्या दोन्हीकडच्या आजीआजोबांची नावंही मिळतात. दोन ‘भावां’चे बाप वेगळे पण वडिलांकडचे आजोबा एकच निघाले, तर ते चुलतभाऊ.

आमच्याकडे त्या ‘ब्रो. इन लॉ’चं आडनाव पणजीचं माहेर म्हणून धरलं होतं. त्या आडनावाचं गावात एकही घर पणजीशी जुळेना. शेवटी मी पणजीच्या जन्माची नोंद धरून बसले. घर क्रमांक ४७. मग लग्नांच्या वहीत ४७ शोधत पानं उलटली. पणजीच्या लग्नाच्या तीन वर्षं आधी त्याच घरातली थोरली मुलगी लग्न करून गेली होती, आणि नवऱ्याच्या रकान्यात जहाजाच्या यादीतलंच नाव होतं. सासूबाईंना मी फोन करून म्हटलं, ‘‘तो शूरिन नव्हे, स्वोयाक.’’ त्या क्षणभर थांबल्या, आणि मग म्हणाल्या की खाणीतल्या घरात आधी राहायला आलेली बहीण आजीच्या गोष्टींत होती खरी, पण तिचं नाव कोणी सांगितलं नव्हतं. ते नाव वहीत आहे. दोघीजणी आता वंशावळीत शेजारी आहेत.