आधी अंधार मान्य करणारी गाणी

वाईट दिवसांत कुठलं गाणं खरंच धीर देतं, याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. 'सगळं छान होणार आहे, हस बघू' असं सांगणारं गाणं मला अशा वेळी नकोसं होतं. जे आधी मान्य करतं की हो, अंधार आहे, तुला पुढचं काही दिसत नाहीये, ते गाणं मी शेवटपर्यंत ऐकते.

साहिरचं 'वो सुबह कभी तो आएगी' घ्या. १९५८ चा 'फिर सुबह होगी', संगीत खय्यामचं. भूक, लाचारी, पैशासाठी विकली जाणारी अब्रू, साहिर काहीही झाकत नाही. आणि पहाटेचं वचन देताना तारीख मात्र देत नाही. मला यात त्याचा प्रामाणिकपणा दिसतो. तारीख दिली असती आणि ती टळली असती, तर गाणं त्या दिवशीच संपलं असतं. आज इतक्या वर्षांनीही ते म्हणता येतं, कारण त्याने खोटा दिलासा दिलेला नाही.

मैत्रीबद्दल मात्र मला सगळ्यात जास्त शिकवलं ते अमेरिकन गायक बिल विदर्सच्या 'लीन ऑन मी'ने. १९७२ चं गाणं. विदर्स वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क या कोळसा खाणीच्या छोट्या गावात जन्मला. पुढे लॉस एंजेलिससारख्या मोठ्या शहरात आल्यावर त्याला गावाकडची एकमेकांच्या अडीनडीला धावून जाणारी माणसं आठवत राहिली, आणि त्यातून हे गाणं आलं. चाल इतकी सोपी की गाता गळा नसलेल्यालाही सहज जमावी. पण खरी जादू शब्दांत आहे. तो नुसतं 'माझा आधार घे' म्हणून थांबत नाही. लगेच सांगतो की लवकरच मलाही कुणाचा तरी आधार लागणार आहे. त्या एका कबुलीने सगळं बदलतं. मदत करणारा वरच्या पायरीवर उभा राहत नाही, शेजारी येऊन बसतो.

अडचणीतला माणूस फोन उचलत नाही, भेटायला टाळतो, ते बऱ्याचदा माणसं नकोशी झाली म्हणून नसतं. आपण ओझं होऊ, ही भीती असते. एकदा मदत घेतली की आयुष्यभर मिंधं राहावं लागेल, असं वाटत असतं. विदर्स त्याला थेट सांगतो, अभिमान जरा बाजूला ठेव, आज तुझी पाळी, उद्या माझी. 'काही लागलं तर सांग' हे आपण सगळेच म्हणतो. 'मलाही लागणार आहे' हे किती जण म्हणतात?

बाबा आजारी होते तेव्हा एका मैत्रिणीने रात्री उशिरा मला एक गाणं पाठवलं होतं. खाली एवढंच लिहिलं होतं, 'उत्तर देऊ नकोस.' मी दिलंही नाही. 'काळजी घे', 'धीर धर' हे शब्द तोवर इतक्यांदा ऐकले होते की ते कानावरून जात होते. तिच्याकडेही दुसरे शब्द नसणार. म्हणून तिने कवीचे उसने घेतले, आणि ते पोचले.

आता कुणी म्हणेल, रवींद्रनाथ तर 'एकला चलो रे' म्हणतात. १९०५ चं, वंगभंगाच्या काळातलं गीत. तुझ्या हाकेला कुणीच आलं नाही तर एकटा चाल. वरवर पाहता मैत्रीच्या अगदी उलट. पण नीट ऐका, त्यात 'अरे अभाग्या' अशी साद आहे. म्हणजे कुणीतरी त्या एकट्याशी बोलतंय, त्याचं दुर्दैव ओळखून बोलतंय. सगळ्यांनी तोंड फिरवलेल्या माणसाला निदान हा एक आवाज सोबत आहे. १९४६-४७ मध्ये दंगलींनी होरपळलेल्या नोआखालीत गांधीजी गावोगाव पायी हिंडत होते, तेव्हा हे गीत तिथे गायलं जात होतं. एकट्याने चालायचं गाणं माणसं एकत्र म्हणत होती!

गाण्याने कर्ज फिटत नाही, आजार बरा होत नाही, हे मला कुणी सांगायला नको. पण ज्याची सगळी उमेद गेलीय तो मदत मागायलाही उठत नाही. त्याला उठून बसवायचं काम गाणं करू शकतं, हे मी पाहिलंय.

आणि चिडलेल्या गाण्यांना आपण आशेच्या यादीतून उगाच वगळतो. सुरेश भटांचं 'उषःकाल होता होता काळरात्र झाली' आठवा, 'सिंहासन' (१९७९) मधलं. चार किरणांची आस तरी का धरायची, असा सवाल ते करतं. तक्रार करतं, जाब विचारतं. आणि तरीही त्याच दमात सगळ्यांना मिळून मशाली पेटवायला सांगतं. एकट्याला नाही, सगळ्यांना. मला यादी करायला सांगितली तर मी ते सगळ्यात वर लिहीन.