‘चैन’ कुणी बिघडवली? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘चैन’ या शब्दावर चाळीतल्या आठवणींच्या आधाराने मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपलं म्हणणं थोडक्यात असं : ‘चैन’ हिंदीतला, त्याचा खरा अर्थ स्वस्थता, मराठीने तो मौजमजेला जोडून बिघडवला, ‘बेचैन’वरून मी तो फारसी ठरवला ते चूक, जुन्या मराठीत त्यात दोषाची छटा नेहमीच नसे, आणि शेवटी, ‘चाळीतल्या आठवणी म्हणजे शब्दकोश नव्हे, लिहिण्याआधी थोडा अभ्यास करावा.’

फारसीचं मान्य. ‘बेसूर’, ‘बेताल’ यांतही ‘बे’ हा फारसी उपसर्ग आहे आणि सूर-ताल इथलेच आहेत. ती ओळ मी काढली. पण एवढंच सांगायचं होतं तर ते साध्या शब्दांत सांगता आलं असतं. अभ्यासाचा टोमणा बोचावा म्हणूनच लिहिला होता, आणि तो बोचला.

‘बिघडवला’ म्हणता, तर हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. तिकडे चेष्टा म्हणजे प्रयत्न, इकडे थट्टा. तिकडचा संसार म्हणजे जग, आपला म्हणजे घर-प्रपंच. यांतलं काय काय आपण बिघडवलं? हिंदीतला ‘चैन’ पुल्लिंगी, आपली ‘चैन’ स्त्रीलिंगी. तिने जुना अर्थही टाकलेला नाही. ‘त्याला पाहिल्याशिवाय चैन पडत नाही’ असं आपण आजही म्हणतो. अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘चैनीच्या वस्तू’ असतात, तिथे हिंदीला ‘विलासिता’ लागते. ज्या भाषेत शब्द नांदतो, त्या भाषेतला अर्थ खरा.

आता चाळ. माझे वडील परळच्या एका कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. त्याआधी आमच्याकडे चैन म्हणजे पगाराच्या दिवशी इराण्याकडचा ब्रून मस्का. संप लांबला तशी आई चहाच्या दुसऱ्या कपाला चैन म्हणू लागली. पुढे चहातल्या दुधालाही. ‘ही चैन आता नको,’ असं ती रागावून नाही, अगदी हळू म्हणायची.

मला लेखात हेच सांगायचं होतं. चैन हे श्रीमंतीचं माप नाही. घराची गरज कुठे संपते, ती रेघ हा शब्द दाखवतो, आणि रेघ सरकते. सरकारचीही सरकते : जुलै २०१७मध्ये जीएसटी आला तेव्हा फ्रिज आणि वॉशिंग मशीन २८ टक्क्यांत होती, वर्षभराने ती १८ टक्क्यांत आली. वस्तू तीच, फक्त चैनीच्या बाजूची गरजेच्या बाजूला आली. गडगंज माणसाकडे ऐश्वर्य असेल, थाट असेल. ‘चैन’ मात्र ज्याला पैसे मोजून खर्च करावे लागतात त्याच्याच तोंडी शोभते.

कोशाबद्दल म्हणाल तर छापखान्यात २२ वर्षं मुद्रितं तपासली आहेत. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांच्या शब्दकोशाचे खंड रोज उघडायचो, पानं सुटेपर्यंत. त्यामुळे ‘थोडा अभ्यास करावा’ वगैरे मला ऐकवू नका. आणि कोशात शब्द येतात कुठून? बोलणाऱ्या माणसांकडूनच ना? त्यांत माझी आई बसत नाही, असं तुम्ही कशावरून ठरवलंत?

जुन्या मराठीतल्या छटेबद्दल वाद घालत नाही, मी आजच्या वापरावर लिहिलं होतं.

तुमच्या घरी चैन कशाला म्हणत, हे मात्र एवढ्या लांब प्रतिक्रियेत कुठेच आलं नाही. ते लिहिलंत तर मनापासून वाचीन.