रिकाम्या पिकअपमध्ये फुल लोडची हवा कशाला?

परवा मागचे दोन्ही टायर उतरवले तर मधली नक्षी पार गोटा आणि दोन्ही कडा जवळजवळ नव्यासारख्या. चूक माझीच. हौद्यात बारा महिने एक टूलबॉक्स आणि दोरखंड, बाकी काही नाही, आणि हवा मात्र कायम ६५ पौंड, म्हणजे माझ्या गाडीची फुल लोडची. हवा जास्त झाली की टायर मधे फुगतो आणि तेवढाच पट्टा रस्त्याला टेकतो, त्यात मागचे पाटे वजनासाठी कडक बनवलेले, त्यामुळे रिकामी गाडी खड्ड्यात नुसती उड्या मारते आणि पावसात वळणावर मागून सटकते. हे मी अनुभवलंय, वेग जास्त नव्हता तरी पोटात गोळा आला होता.

बरेच जण टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा बघून हवा मारतात. कृपा करून असं करू नका. तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो, तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. काही पिकअपच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दोन वेगळे आकडे असतात, एक कमी वजनाचा आणि एक फुल लोडचा. माझ्या गाडीला मागे रिकामं असताना ४० आहे, म्हणजे मी इतकी वर्षं २५ पौंड उगाच जास्त घेऊन फिरत होतो! तुमच्याकडे एकच आकडा असेल तर तोच ठेवा, अंदाजाने कमी करू नका. आणि टायरचा प्रकार बदलला असेल, म्हणजे साध्या कारचे काढून एलटी (लाइट ट्रक, म्हणजे जास्त वजनासाठी बनवलेले) टायर टाकले असतील, तर जुना आकडा चालेलच असं नाही, तेवढंच वजन पेलायला एलटीला जास्त हवा लागते, टायर कंपनीचा लोड टेबल, म्हणजे किती वजनाला किती हवा याचा तक्ता, बघावा लागतो.

हवा गार टायरमध्येच बघायची, गाडी निदान तीन तास उभी हवी. चालून आल्यावर चार-पाच पौंड जास्त दिसतात, ते बघून हवा सोडली की सकाळी टायर कमी भरतो. थंडी पडली की पण हवा उतरते, ३५ पौंडाच्या आसपासच्या टायरला साधारण दर ५-६ डिग्रीला एक पौंड धरा. स्वतःचं गेज घ्या.

आता खरी भीती उलटी आहे. ४० वर ठेवलेली गाडी कोणीतरी घाईत भरतं आणि तशीच हायवेला काढतं. कमी हवेवर वजन आलं की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, आतून तापत जाते आणि टायर फुटतो. मधली नक्षी झिजली तर पैसे जातात, इथे जीव जाऊ शकतो. म्हणून दोन्ही आकडे लिहून मी हौद्याच्या फळक्यावर आतून चिकटवलेत, माल चढवायला फळका उघडला की समोर दिसतात, आणि हवा भरल्याशिवाय मी माल चढवू देत नाही, कितीही घाई असू दे.